काजळाची डबी आणि डिंपलची पापणी

मित्रांनो, मी काजळाची डबी. पितळेची आहे, जुनी आहे, आणि आता रिकामी आहे. रिकाम्या डबीकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण मला जिच्याबद्दल सांगायचे आहे ती मुलगी तुमच्यापेक्षा थोडी लहान, नाहीतर तुमच्याच वयाची आहे. तिचे नाव डिंपल. रावेरजवळच्या एका गावात, केळीच्या बागांना लागून तिचे घर आहे.

मला धुळ्याच्या एका तांबटाने घडवले. माझ्या झाकणावर त्याने मोर कोरला, पण कोरता कोरता कुणीतरी चहाला हाक मारली आणि मोराचा एक पाय राहूनच गेला. एका पायाचा मोर घेऊन मी बाजारात आले. म्हणून की काय, एका बाजूने थोडे कमी असलेल्या गोष्टींवर माझा पहिल्यापासून जीव आहे.

इंदिराबाई म्हणजे डिंपलची आजी. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मी त्यांच्या रुखवतात होते. काजळ त्या घरीच धरायच्या. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर पितळी ताट पालथे घालायचे, धरलेली काजळी चमच्याने खरवडायची आणि घरच्या लोण्यात खलून माझ्यात भरायची. गावात कुणाकडे बाळ जन्मले की बाया मला शोधत यायच्या. "इंदिराकाकू, तुमचंच काजय पाहिजे बरं का! बाजारचं नको वं बाई." इंदिराबाई वरवर कुरकुरायच्या आणि मग पदराने माझे झाकण पुसून मला पुढे करायच्या. त्या पुसण्यातला अभिमान मला कळायचा. मीही तेव्हा चकचकीत होते.

इंदिराबाईंचा मुलगा ललित माझे काजळ लावूनच मोठा झाला. मग त्याची बायको मयुरी आली, आणि मग डिंपल. मयुरीला बाळाच्या डोळ्यात काजळ घालणे पसंत नव्हते. "दवाखान्यात नको म्हणून सांगितलंय, आई," असे ती हळू आवाजात म्हणायची. सासू-सुनेत तडजोड झाली. डोळ्यात नाही, कपाळावर तीट तेवढी. डिंपल बोट जवळ आले की गाल फुगवून बसायची आणि तीट लागली की माझे झाकण स्वतः लावायची. ती ते इतके घट्ट लावायची की दुसऱ्या दिवशी उघडताना इंदिराबाईंचे नख दुखायचे.

एका वर्षी थंडीत मळ्यात भरताचा बेत होता. आमच्याकडे हिवाळ्यात भरीत म्हणजे सणच असतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, मग लाकडी बडगीने ठेचायची आणि केळीच्या पानावर भाकरीसोबत खायची. घरची, शेजारची, बागेत कामाला असलेली सगळी माणसे जमली होती. मी इंदिराबाईंच्या कमरेला, कनवटीत होते. चार लोकांत नात मिरवायची, तर तीट हाताशी हवी.

भाजण्याआधी वांग्याला तेल लावून टोचे मारावे लागतात. आत वाफ कोंडते, तिला बाहेर पडायला वाट हवी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या दिवशी गप्पांच्या नादात एक वांगे टोचायचे राहिले. कुणाकडून राहिले ते अजूनही ठरलेले नाही, आणि आता ठरून काही उपयोगही नाही.

डिंपल जाळाजवळ उकिडवी बसून काडीने निखारे ढोसत होती. "मागं सर गं," असे मयुरी म्हणाली, आणि तेवढ्यात ते वांगे फुटले. त्याचा उकळता गर डिंपलच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली चिकटला.

ती किंकाळी मी कनवटीतून ऐकली. मला काहीच करता आले नाही. एवढेच जाणवले, की इंदिराबाई जाळाकडे धावत होत्या.

तालुक्याच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली. डोळा वाचला होता. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. "गालावर डाग राहिन थोडा, पण डोया वाचला न," असे जो तो म्हणायचा. काही आठवड्यांनी जखम भरली, खपली पडली, खाली गुलाबी कातडी दिसली आणि घरात गोडाचे झाले. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली, आणि ती इतकी हळू झाली की कुणाच्या ध्यानातच आली नाही.

मित्रांनो, भाजलेली जागा भरते तेव्हा ती आखडते. पाण्यात टाकलेले सुती कापड आटते ना, तसे. डिंपलच्या गालावरचा डाग आटत गेला, आणि आटता आटता खालची पापणी स्वतःकडे ओढत राहिला. डाव्या डोळ्याची पापणी बुबुळाला टेकून होती. उजवी थोडी खाली आली, मग आणखी थोडी. आतली लाल कड दिसू लागली. डोळ्यातून सारखे पाणी वाहायचे. शेजारच्या मुली म्हणायच्या, "डिंपल, एका डोळ्यानं का रडतेस?"

मग इंदिराबाईंनी मला उघडले.

"काजय लावलं का कोणाले काही कयत नही," असे म्हणून त्यांनी नातीला मांडीवर घेतले. डाव्या, चांगल्या डोळ्याखाली त्यांनी जाड रेघ ओढली, पापणी खाली आल्यासारखी दिसावी म्हणून. उजव्या डोळ्याच्या लाल कडेवर काजळ भरले, लाली दिसू नये म्हणून. मग नातीची हनुवटी धरून लांबून पाहिले. दोन्ही डोळे खरेच सारखे दिसत होते. इंदिराबाईंचा हात फार हलका होता आणि त्यांची माया तर त्याहून मऊ, अगदी पिसासारखी. म्हणूनच त्यांना कुणी थांबवू शकले नाही.

मयुरी म्हणाली, "आई, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"दाखवू ना. पण तवर पोरीले लोकांत काय असंच न्यायचं? लगन आहे भावकीत. नावं ठेवतीन लोक."

त्या लग्नात कुणाला काही कळले नाही. एक बाई तर म्हणाल्या, "काय टपोरे डोळे आहेत हो!" माझ्या सगळ्या आयुष्यात माझे इतके कौतुक झाले नसेल, आणि इतके वाईटही मला कधी वाटले नसेल. काजळ पापणीच्या आत उतरत होते. कोरड्या बुबुळावर त्याचे कण बसत होते. माझे झाकण आतून बंद करता आले असते तर मी ते केले असते. पण डबीला झाकण असते, ते लावायचा हक्क दुसऱ्याचा असतो.

एका दुपारी डिंपल झोपून उठली आणि म्हणाली, "मम्मी, मला झोपेतपण खिडकी दिसते."

सगळे हसले. ललित म्हणाला, "मग झोपेत अभ्यास पण करत जा."

मयुरीही हसली, पण मग मुलीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डिंपलच्या उशाशी बसली. डावा डोळा मिटलेला होता. उजवा मिटत नव्हता. खालच्या फटीतून पांढरे दिसत होते, आणि पंख्याचा वारा सरळ त्या फटीत जात होता. मयुरीने उठून पंखा बंद केला. मग डिंपल घामाने भिजली, म्हणून पुन्हा लावला. मग स्वतःचा तळहात तिच्या डोळ्यावर आडोशासारखा धरून ती तशीच बसून राहिली. हाताला कळ लागली की हात बदलायची. कोनाड्यातून मी बघत होते.

संध्याकाळी ती ललितला म्हणाली, "डोळा मिटतच नाही तिचा. आपण जाऊ या."

"अगं, कटाई चालू आहे. गाड्या सांगून ठेवल्यात. केळी झाडावर पिकली तर फेकावी लागतील. एवढी कटाई होऊ दे, मग दोघं मिळून नेऊ."

ललित वाईट नव्हता. तो रोज बागेतून आल्यावर हात धुऊन आधी लेकीच्या डोळ्यात थेंब घालायचा, तालुक्याहून आणलेले. पण थेंबाने पापणी वर येत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मयुरी माहेरी, जामनेरला गेली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. निघताना इंदिराबाईंनी मला पिशवीत घातले. "रोज लावजो वं. तुह्या माहेरचे लोक बोलतीन, का लक्ष दिलं नही म्हणून."

तिथे मयुरीची मोठी बहीण मोहिनीही आली होती, धुळ्याहून. ती तिथल्या देवपूर भागात राहते. तिचे बोलणे लांबूनही ऐकू येते. उन्हात झोके घेऊन पोरे धुळीने माखली, तेव्हा तिने एकेकाला पकडून नळाखाली घातले. डिंपलची पाळी आली. ओल्या पंचाने तिने गाल पुसला, डोळा पुसला, आणि तिचा हात थांबला.

"मयुरी! इकडं ये आधी. हे काय आहे?"

पंचावर काजळ होते. त्याखाली जे दिसत होते ते पुसून जाणारे नव्हते. उन्हामुळे डिंपलने डावा डोळा घट्ट मिटला होता, आणि उजवा डोळा लाल, उघडा, तसाच मावशीकडे बघत होता.

"मावशी, ऊन बंद कर ना," डिंपल म्हणाली.

मोहिनी भल्याभल्यांना गप्प करणारी. तिने पदराची सावली केली. मग तशीच, एका हाताने पदर धरून, दुसऱ्या हाताने तिने ललितला फोन लावला.

"ललितराव, पोरीला मी धुळ्याला नेते आहे. तुम्ही या."

पलीकडून कटाईचे काहीतरी आले असावे.

"अहो, केळ कापली तर बुडाशी नवं पिल फुटतं. डोळ्याला पिल फुटत नाही, भाऊ."

मग ललित म्हणाला, "ताई, आईला घेऊन पोचतो."

धुळ्याच्या दवाखान्यात बाकावर गर्दी होती. एक म्हातारेबाबा दोन्ही खालच्या पापण्या लोंबलेल्या घेऊन बसले होते आणि सारखे डोळे टिपत होते. "मना डोया ढिल्ला पडी ग्यात, बेन. वय शे ना," त्यांनी इंदिराबाईंना सांगितले. "पन हाई पोरनं काय वय शे? हिले काय हुयनं?" एका तरुण बाईचा अर्धा चेहरा वारे जाऊन लुळा पडला होता, तिचीही एकच पापणी खाली उतरली होती. इंदिराबाई कधी बाबांकडे, कधी त्या बाईकडे बघत होत्या. आजवर त्यांना वाटत आले होते की पापणी खाली येणे म्हणजे फक्त आपल्याच घरावरचा कोप आहे.

डॉक्टरबाईंनी डिंपलच्या डोळ्यात हिरवट-पिवळा थेंब घातला आणि निळ्या दिव्याने पाहिले. मग त्यांनी विचारले, "काजळ कोण घालतं?"

धुळ्यात पोचताच इंदिराबाईंनी मला मयुरीच्या पिशवीतून काढून पुन्हा कनवटीला लावले होते. त्यांनी मला मुठीत आवळले.

"मी घालते, बाई," त्या म्हणाल्या. "घरचं आहे. चोख."

"चोख असेल, आजी. पण हिचा डोळा मिटत नाही, त्यामुळे तो आधीच कोरडा पडलाय. त्यात काजळीचे कण बसले, हातही लागत राहिला. बुबुळावर ओरखडे आहेत. असंच राहिलं तर तिथं पांढरं फूल पडेल आणि नजर जाईल. खरं तर डाग मऊ होईपर्यंत मी वाट पाहिली असती. आता बुबुळ थांबू देणार नाही."

"डोयावर चाकू?" इंदिराबाईंनी डिंपलला जवळ ओढले. "एवढ्याशा पोरीच्या?"

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "डोळ्यावर नाही. पापणीखाली. आजी, ब्लाउज काखेत आवळायला लागला तर तुम्ही काय करता?"

"उसवते. तुकडा जोडते."

"तेच करायचंय. डाग आवळलाय, तो सोडवायचा. पापणी तिच्या जागेवर वर न्यायची. मधे जी जागा उघडी पडेल तिथं कानामागच्या कातडीचा तुकडा लावायचा. वयानं ढिली पडलेली पापणी कोपऱ्यात ताणून बसवतात, हिला कापडच कमी पडलंय. म्हणून हिला तुकडा."

"मग दोन्ही डोये सारखे होतीन?"

"जवळजवळ. तंतोतंत होतील असं मी सांगत नाही. ही वाढेल तसा तुकडा पुन्हा आखडू शकतो. बघत राहावं लागेल. पण डोळा मिटायला हवा, त्यासाठी करायचंय."

देवपूरला मोहिनीच्या घरी आल्यावर इंदिराबाई मोरीत बसल्या आणि मला रिकामे केले. आधी बोटाने, मग राखेने, मग साबणाने. कोपऱ्यातले काजळ निघत नव्हते, तर केसातल्या आकड्याने खरवडले. मला दुखत नव्हते, पितळेला काय दुखणार. पण वरून पाणी पडत होते ते नळाचे नव्हते.

मयुरी दारात उभी होती. तिला खूप काही बोलता आले असते. ती म्हणाली, "आई, राहू द्या. बोटं सोलतील."

ऑपरेशनच्या दिवशी भूल द्यायची म्हणून डिंपलला काही खायला-प्यायला बंदी होती. तिला ते पटत नव्हते. "मी काय केलं?" असे ती विचारत होती. उपाशी ठेवणे ही तिच्या लेखी शिक्षा होती.

"आजी, एकच बिस्किट. अर्धं. तुला माहीत नाही असं दे."

इंदिराबाईंनी आयुष्यात त्या मुलीला कशालाच नाही म्हटले नव्हते. त्यांच्या पिशवीत पुडा होता, हे डिंपललाही ठाऊक होते. त्यांनी पिशवी उचलली, ललितच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे घेऊन बाहीर जा रे बाप्पा. मह्या हाताचं काही खरं नही." मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. डिंपल त्यांच्या पाठीवर गाल टेकून रडली, आणि रडता रडताच तिला आत नेले.

दार लागले. मयुरीच्या हातात मुलीची एक चप्पल राहिली होती. ती पिशवीत घालू की खाली ठेवू, हे तिला ठरवता येईना. ललितचा फोन वाजला, बागेतून होता, त्याने तो न बघता बंद केला. मोहिनी धरून चौघे बसून राहिले. कुणाला काही करता येत नव्हते. मित्रांनो, माझे तर सगळे आयुष्यच तसे गेले आहे. पण हात-पाय असलेल्या माणसांना तसे बसलेले मी प्रथमच पाहिले.

डिंपल बाहेर आली तेव्हा अर्धे डोके पट्टीत होते. नवा तुकडा नीट धरावा म्हणून पापण्या काही दिवस टाक्यांनी मिटून ठेवल्या होत्या. पट्टी सुटली तो दिवस मला आवडत नाही. तुकडा जांभळट होता, कडेला टाक्यांच्या खुणा. इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. "रंग बदलत जातो, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उन्हात नेऊ नका. मी दाखवते तसं मलम लावून रोज वरच्या दिशेनं चोळायचं. खाली ओढायचं नाही. आणि काजळ—"

"टाकलं," इंदिराबाई म्हणाल्या.

डिंपलने आरसा मागितला. बराच वेळ तिने स्वतःकडे पाहिले. "अजून सारखे नाहीत," ती म्हणाली. कुणी तिला खोटे सांगितले नाही. मयुरी म्हणाली, "नाहीत, बेटा. थोडा फरक राहील." तेवढे बोलायला तिला किती बळ लागले, ते मी पाहिले.

त्या दुपारी देवपूरच्या घरात डिंपल मावशीच्या मांडीवर झोपली. मी खिडकीच्या कट्ट्यावर होते. आधी डावा डोळा मिटला. उजवा अडखळला, पापणी थोडी कापली, आणि मग खालची वरच्या पापणीला जाऊन टेकली. बाहेर फटफटी गेली, दुधाची किटली आपटली, तरी ती हलली नाही. मोहिनीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण ती हलेना. इंदिराबाई ओणव्या होऊन बघत होत्या.

"मिटला ना?" त्यांनी मयुरीला विचारले. "मले बरोबर दिसत नही. तू सांग. मिटला ना?"

मयुरीने होकाराची मान हलवली.

तुकडा पुढे आखडेल का, आणखी एकदा त्या दारातून जावे लागेल का, हे मला माहीत नाही. डॉक्टरबाईंनाही माहीत नाही. रोज सकाळी मलम लागते, आणि सगळे बघत राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी लहान बहीण-भाऊ असेल, तर ते झोपल्यावर एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघा. भाजल्यानंतर, लागल्यानंतर, आजारपणानंतर तर नक्की बघा. एखादा डोळा नीट मिटत नसेल तर घरात सांगा. ते कामात असतील, हसतील, नंतर बघू म्हणतील. पुन्हा सांगा. कोनाड्यातल्या वस्तू सगळे काही बघत असतात, पण त्यांना कुणाला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.